धुळाची जबानी

कवठे महांकाळच्या बाजूला त्या काळी घोंगडी घेणारा माणूस आधी तिचा काठ चाचपायचा आणि काठावरूनच सांगायचा, "ही धुळाची." पिकण्याच्या नावानं त्या मुलखात बाजरी आणि कुसळं, पण लोकर मात्र अव्वल. धुळाच्या घोंगडीची झोळी करून पाणी ओतलं तर घटकाभर थेंब गळत नाही, असं लोक सांगायचे. लोक सांगायचे, धुळा नाही. त्याला कुणी विचारलं, "काय करतोस गड्या?" तर तो मान खाली घालून म्हणायचा, "काय न्हाई, पोटासाठी चार धागं वडतो." आपल्या कामाची आपणच थोरवी सांगायची त्या मेंढपाळ माणसांत रीतच नव्हती. सांगणाऱ्याला लोक हसायचे.

तानुबाई त्याची बायको. ती सूत काढायची, तो विणायचा. पहाटे जातं थांबलं की त्याच्या मागाचा ठोका सुरू व्हायचा. पुढं म्हातारपणी, गावात विजेची गिरणी आली तेव्हा, तानुबाई म्हणायची, "ह्या गिरणीचा नुसता कालवा. आमच्या मागाला कसा, ठेका हुता." ते दिवस आठवले की तिचा आवाज अजून ओला व्हायचा.

तो ठेका बंद पडला चव्वेचाळीस साली. लढाई चालू होती. पेट्रोल लष्कराला जायचं, म्हणून उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागच्या अंगाला एक उभा बंब, त्याचा पंखा हातानं फिरवायचा, मग मोटार सुरू व्हायची. तीही तिच्या मनात असेल तर. सांगलीच्या पेठेत घोंगड्या विकून दोघं निघाले होते. ड्रायव्हरनं हाक मारली, "ए पावणं, जरा पंख्याला हात लाव की." धुळानं घोंगड्या बांधायचं रिकामं दावं तानुबाईच्या हातात दिलं आणि पंखा फिरवायला लागला. ड्रायव्हरनं ब्रेक लावलाच नव्हता. मोटार मागं सरकली आणि धुळाचा उजवा हात बंब आणि मागची भिंत यांच्यामध्ये सापडला. अंगठा राहिला. चारी बोटं गेली.

मोटारीचे मालक आप्पासो म्हणाले, "त्याला पंखा फिरवायला सांगितलं कुणी? आगाऊपणा नडला." बोटं गेली ते धुळानं सोसलं असतं, आगाऊपणा हा शब्द मात्र त्याला सोसला नाही. उभ्या जन्मात न विचारता त्यानं कुणाच्या कणसालाही हात लावला नव्हता. "कोर्टात जायाचं," तानुबाई म्हणाली. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ही म्हण पायरी चढून आलेल्यांनीच केली असणार.

वकील मिळाले लालासाहेब. सांगलीत मोठं नाव, माडीवर घर, दारात फुललेली कण्हेर. त्यांनी धुळाकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं नाही. सगळा वेळ आपल्या आंब्याच्या कलमांबद्दल बोलले. कागद केला तो त्यांच्या कारकुनानं, बाळासोनं. त्यानं विचारलं, "धंदा काय?" धुळा रीतीनं म्हणाला, "काय न्हाई, पोटासाठी चार धागं वडतो." बाळासोनं घाईत लिहिलं, मजूर. दावा वाचून दाखवायचं काम वकिलाचं. लालासाहेबांनी तो स्वतःही वाचला नव्हता, वाचून कुणाला दाखवणार?

मग तारखा सुरू झाल्या. एका तारखेला आप्पासोंचे वकील आजारी, दुसरीला लालासाहेब कोल्हापूरला लग्नाला. तिसरीला आले, तर धुळाला "काय रे ज्योतिबा" म्हणाले. ज्योतिबा कुणी भलताच पक्षकार होता. तानुबाईनं दर खेपेला आणलेलं तूप मात्र ते न चुकता आत पाठवायचे.

अपघातानंतर धुळा मोटारीत पाऊल ठेवीना. दोघं कवठ्याहून छोट्या आगगाडीनं मिरजेला उतरत आणि मिरज ते सांगली चालत जात. वाटेत एका विहिरीवर भाकरी सोडायची, कांदा फोडायचा. तो कांदा तानुबाई फोडायची, कारण धुळाची मूठच वळत नव्हती. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. पण मेंढरं मागं नाहीत, डोक्यावर बोजा नाही, असं दोघं बरोबरीनं पहिल्यांदाच चालत होते. तारखेला शिव्या घालायच्या आणि विहीर आली की पदर सावरून बसायचं, असं तिचं चाललं होतं. त्या वाटेची सय तिला जन्मभर येत राहिली.

दीड वर्षानं एकदाचं काम पुढं निघालं. आप्पासोंचे वकील उठले आणि म्हणाले, "वादी मजूर आहे. मेंढरं राखायला एक हात पुरतो. नुकसान ते काय?" मजूर शब्द तानुबाईच्या कानात शिरला. पुढची तारीख पडल्यावर बाहेर पायरीवर तिनं लालासाहेबांना गाठलं.

"मजूर कुणी लिवलं सायेब? आमी घोंगडी इनतो."

"अगं, मजूर काय न् विणकर काय, हात तो हातच. आप्पासो तडजोड करतायत, घेऊन टाका. हे लांबवण्यात अर्थ नाही."

"लांबीवलं कुणी?" तानुबाई म्हणाली. लालासाहेब छत्री उघडून चालते झाले. मिरजेपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा धुळावर चालला. "चार धागं! चार धागं! तुमच्या चार धाग्यानं वाटुळं क्येलं." त्या दिवशी विहिरीवर दोघं थांबलेही नाहीत.

घरी मागावर एक घोंगडी होती. अपघाताच्या आधी कमरेएवढी विणून झालेली, बाकी उभे धागे तसेच. विणणारा जिवंत असताना अर्धी घोंगडी मागावरून उतरवत नाहीत. उतरवली तर तो मेल्याची खूण. दीड वर्ष धुळा रोज सकाळी तिच्यावरची धूळ झाडायचा आणि बाहेर येऊन बसायचा. तारखेच्या आदल्या दिवशी तानुबाईनं मेंढरं भादरायची कातर घेतली.

"तानू, नगं," तो म्हणाला.

"तुमी बोलत न्हाई, मग हिनं तरी बोलावं," ती म्हणाली आणि कापायला लागली. धुळानं तोंड फिरवलं. कापताना तिलाही रडू आवरलं नाही, पण हात थांबला नाही.

कोर्टात पुकारा झाला. लालासाहेब तडजोडीचा कागद पुढं सारणार, तोच तानुबाईनं ती अर्धी घोंगडी न्यायाधीशांच्या मेजापुढं अंथरली. लालासाहेब तिला ओढायला लागले, "अगं बाई, हा काय बाजार आहे?" न्यायाधीश खुर्चीवरून उठून खाली आले. वयस्क, चष्मेवाले गृहस्थ. त्यांनी काठ चाचपला.

"ही कुणी विणली?"

धुळा पिंजऱ्यात उभा. मान खाली. "काय न्हाई सरकार, चार धागं..."

"आवं, खरं बोला की!" तानुबाई ओरडली. "आता तरी बोला!"

पट्टेवाला तिच्याकडं धावला. न्यायाधीशांनी हातानं त्याला थांबवलं आणि धुळाकडं बघत राहिले. मग धुळानं मान वर केली.

"सरकार, ही म्या इनली. अशी दुसऱ्याला येत न्हाई." बोलला आणि स्वतःच दचकला. मग मात्र बांध फुटावा तसं झालं. चिंचोक्याची खळ किती शिजवायची, कुठल्या मेंढीची लोकर काठाला घ्यायची, धोटा फेकायला बोटं कशी लागतात. त्यानं उजवा हात उचलून हवेत धोटा फेकून दाखवला. बोटं गेली होती, फेक गेली नव्हती. पंख्याला हात लावायला ड्रायव्हरनं हाक मारली, हेही धुळानं तिथंच सांगितलं, आणि सगळं शिरस्तेदारानं लिहून घेतलं.

निकाल धुळाच्या बाजूनं लागला. चूक ड्रायव्हरची ठरली, भरपाई विणकराची मिळाली. लालासाहेब पायरीवर लोकांना सांगत होते, "मीच म्हटलं तिला, घोंगडी आण." त्यांना कुणी खोटं पाडलं नाही, तानुबाईला तेवढा वेळच नव्हता. ती बाळासोला धरून बसली होती. जबानीची नक्कल त्याच्या हातात होती.

"धंद्याचं काय लिवलंया ते वाच."

बाळासो वरमला होता. त्यानं वाचलं, "वादीचा धंदा, घोंगडी विणणे."

"म्होरं?"

"'माझ्या घोंगडीत पाणी राहते ते सुतामुळे. सूत माझी बायको तानुबाई काढते. तिच्यासारखे सूत काढणारे दुसरे माणूस मी पाहिले नाही.'"

तानुबाई हे कोर्टात ऐकत होती, पण तेव्हा ती रडत होती, तिला अर्धंच कळलं होतं. धुळानं चारचौघांत तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. सुताबद्दल तर अठरा वर्षांत चकार शब्द काढला नव्हता. तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो मान खाली घालून पायताणाची धूळ झाडत होता.

"परत वाच," ती बाळासोला म्हणाली.