बर्फवाल्या सरांचं नाक

तालुका कबड्डी स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या दिवशी, शनिवारी सकाळी सव्वाआठ वाजता, बर्फवाल्या सरांनी माझ्या डाव्या पायावरच्या पट्टीचा वास घेतला आणि मला संघाबाहेर बसवलं. मी दहावीत होते. जिंकणारा संघ जिल्ह्याला जाणार होता आणि पुढच्या वर्षी मी वयात बसणार नव्हते.

शाळेच्या मस्टरवर सर प्रयोगशाळा सहायक होते. खेळातल्या दुखापतींचा एक कोर्स त्यांनी सुट्टीत स्वतःच्या हौसेने केला होता. तेव्हापासून मैदानावरचा प्रत्येक गुडघा, घोटा आणि बोट त्यांच्या अखत्यारीत गेलं. सामन्याआधी ते आमची नखं तपासत, घोट्यांना पट्ट्या बांधत, कोण किती पाणी प्यायलं ते बघत. कोणी डॉक्टर म्हटलं की चिडत. "मी डॉक्टर नाही. डॉक्टरकडे कधी न्यायचं ते मला कळतं, तेवढंच."

बर्फ ते मासळीवाल्यांकडून थर्माकोलच्या खोक्यातून आणत. त्याला बोंबलाचा वास यायचा. समोरच्या संघातल्या मुली "आलं मच्छी मार्केट!" म्हणत नाक धरायच्या. आम्ही तक्रार केली तेव्हा सर म्हणाले, "सूज उतरते ना? मग वास घरी जाऊन धुवा."

दुखतंय का, असं त्यांनी कधीच विचारलं नाही. "तुम्ही सगळ्या खोटं बोलता." ते शाळेच्या जिन्याकडे बोट दाखवायचे. "चढू नको, चढायला सगळ्यांनाच येतं. उतरून दाखव." कठड्याला हात लागला की दोन दिवस बाहेर. एकीची चप्पल निसटली म्हणून तिने कठडा धरला. तिलाही दोन दिवस. तिने वाद घातला, तेव्हा तीन.

त्यांचं खरं भांडण अकलोलीशी होतं. पाय मुरगळला की आमच्याकडे तो अकलोलीच्या गंधकाच्या गरम कुंडात बुडवतात. दर पालकसभेत सर उठून उभे राहायचे. "अहो, आत आधीच आग लागलीय, त्यात गरम पाणी कशाला? पहिले तीन दिवस कुंड नाही!" पालक माना डोलवायचे आणि रविवारी पोरांना घेऊन अकलोलीला जायचे.

त्या गुरुवारी सरावात चढाई करताना माझा पाय वळला. सरांनी वीस मिनिटं बर्फ धरला, पट्टी बांधली. "शनिवारपर्यंत ही सोडायची नाही. मग बघू."

शुक्रवारी बाबांनी मला मोटारसायकलवर बसवलं. बाबा राहनाळला गोदामात मुकादम होते. "काय न्हाय होत. आमच्या सगल्यांचे पाय तिथंच बरे झालेत." पट्टी सोडायची नाही असं सरांनी बजावलं होतं, म्हणून मी ती सोडली नाही. पट्टीसकट पाय अर्धा तास कुंडात ठेवला.

शनिवारी सामना आमच्याच शाळेच्या मैदानावर होता. सूज पट्टीच्या वर आली होती. तरी मी जिना उतरले, कठड्याला हात न लावता. सर खाली बसले, पट्टी सोडली आणि नाकाशी नेली.

"अकलोली?"

मी पाय मागे ओढला.

"इतकी वर्षं मी बोंबलाच्या वासात काढलीत, बाय. गंधक मला लगेच कळतं."

खेळाचे सर धावत आले. "अहो, एक हाफ तरी खेळू दे. हिच्याशिवाय चढाई कोण करणार?"

"खेळवणारे तुम्ही. थांबवणारा मी."

बाबाही प्रेक्षकांतून उठून आले. "पोरगी चालतेय ना! तुम्ही लॅबवाले, तुम्ही बाटल्या धुवा."

सरांनी दुखापतींची वही काढली. माझं नाव लिहिलं. डावा घोटा. खेळवू नये. त्याखाली आणखी एक ओळ लिहून वही पुढे केली. "वाचा. माझ्या सांगण्याविरुद्ध खेळवतोय, असं लिहिलंय. सही करा आणि खुशाल खेळवा."

नाणेफेकीला बोलावतायत, असं म्हणून खेळाचे सर निघून गेले. बाबांनी पेन घेतलं आणि बाकावर वाकले. त्यांच्या पाठीआड मला वही दिसली नाही. थोड्या वेळाने त्यांनी पेन परत दिलं. "बस बाहेर," ते मला म्हणाले.

आम्ही चार गुणांनी हरलो. सोमवारी एक्स-रे काढला. हाड शाबूत निघालं. ते बाबांनी पुढे कित्येक महिने ऐकवलं. "उगाच ऐकलं त्या बर्फवाल्याचं. जिल्ह्याला असतीस." मी एक्स-रे सरांच्या टेबलावर आपटला. त्यांनी तो उजेडात धरून नीट पाहिला. "शाबूत आहे ना? मग झालं." त्यानंतर शाळा सोडेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

सर यंदा होळीनंतर वारले. मी काम करते त्या साप्ताहिकातल्या चार ओळींच्या बातमीसाठी त्यांचा हुद्दा विचारायला मी शाळेत गेले. लिपिकाने मस्टर बघून सांगितलं, प्रयोगशाळा सहायक. सरांच्या वह्या प्रयोगशाळेच्या कपाटात होत्या. त्या शनिवारचं पान सापडलं. माझं नाव, डावा घोटा, खेळवू नये. त्याखाली ती ओळ. सहीच्या जागी बाबांच्या नावाचं पहिलं अक्षर आहे. पुढे काही नाही.