सासूबाईंच्या उठाबशा

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी उपाशीपोटीची साखर हद्दीबाहेर गेली. डॉक्टरांनी गोळी सुरू करण्याआधी सहा महिने दिले. वजन उतरवा, स्नायू वाढवा, मग पाहू, असं ते म्हणाले. वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी पंचवीस वर्षं गेली आहेत. मुदत ठरली की काम होतं, एवढं मला माहीत होतं.

आम्ही नाशिक रोडला राहतो. मुलगी सात वाजता कॉलेजला निघते, नवरा सव्वाआठला अंबडला कारखान्यात जातो आणि मी बाराला कामावर. दोघांचे डबे पावणेसातला भरून झाले की पुढचा तास मोकळा असायचा. तो मी जिमसाठी घेतला. आठवड्यातले पाच दिवस. बाकी कुणाच्याही वेळापत्रकाला धक्का लागला नाही, म्हणून कुणाची तक्रारही आली नाही.

तक्रार आली ती जिमसाठी आणलेल्या माझ्या डब्या-बाटल्यांबद्दल. प्रोटीन पावडर, क्रिएटिन, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. आमच्याबरोबर राहणाऱ्या सासूबाई येवल्याकडच्या, शेतकरी घरातल्या आणि पक्क्या शाकाहारी. माशाचं तेल कळल्यावर त्यांनी ती बाटली स्वयंपाकघरातून उचलली आणि चपलांच्या कपाटावर नेऊन ठेवली. "तिथं राहू दे तिला. आल्या-गेल्याला वाटंल, पॉलिश हाय," असं त्या म्हणाल्या. बाटली तिथेच राहिली. मी चप्पल घालताना कॅप्सूल गिळायची.

मी काय खाते ते रोज वहीत लिहीत होते. पनीर किती ग्रॅम, डाळ किती, दही किती. रोज एक लिटर दूध विरजायचं आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत भांडं रिकामं व्हायचं. सहा महिन्यांनी फरक दिसला आणि डॉक्टरांनी आणखी सहा दिले.

त्या दुसऱ्या सहामाहीत सासूबाई एकदा मेथी निवडायला जमिनीवर बसल्या आणि त्यांना उठता येईना. "हात दे गं जरा," त्यांनी हाक मारली. मी हात दिला. सगळा भार माझ्या हातावर आला. नंतर हे वरचेवर होऊ लागलं. त्या त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत. आम्ही सगळ्यांनी ते वयावर ढकललं.

वर्ष भरताना माझा रिपोर्ट जागेवर आला. रात्री जेवताना मी तो वाचून दाखवला. नवरा म्हणाला, "म्हणजे रविवारी जिलबी आणायला हरकत नाही." सासूबाईंनी हात जोडले.

"आता गडावर जावं लागंल," त्या म्हणाल्या.

"का?" मी विचारलं.

"नवस हाय."

वणीच्या गडावरची देवी माझ्या सासरचं कुलदैवत. नवस त्यांनी वर्षापूर्वी बोलला होता, डॉक्टरांनी मला पहिल्यांदा सांगितलं त्याच आठवड्यात. सुनेची साखर जागेवर आली की पायी चढून येईन, आणि तोवर दूध, दही, ताक तोंडाला लावणार नाही. बोललेला नवस सांगायचा नसतो, म्हणून त्यांनी सांगितला नव्हता.

"तुझ्या उड्यांनीच साखर उतरली असं समजू नको, बाई," त्या म्हणाल्या. "थोडं माझंबी हाय त्यात."

सासूबाई रोज सकाळी अकराला एकट्या जेवतात आणि रात्री सगळ्यांचं वाढून झाल्यावर. भांडं रिकामं होत होतं ते आम्ही तिघं खात होतो म्हणून. डाळीने वात होतो, असं म्हणून त्या डाळ पूर्वीपासूनच टाळायच्या. अंडं त्यांनी कधी खाल्लं नाही. त्यांच्या अंगाला लागेल असं एक दूधदुभतंच काय ते होतं, आणि तेच त्यांनी माझ्यासाठी सोडलं होतं. मी त्या रात्री हिशेब मांडला. मी दिवसाला नव्वद ग्रॅम प्रथिनं खात होते, त्या तिसापर्यंतही पोचत नव्हत्या. वर्षभर एकाच घरात एकीचे स्नायू वाढत होते आणि दुसरीचे झिजत होते. माझ्या वहीत फक्त माझं ताट होतं.

मी सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांच्या मांड्या दाबून पाहिल्या, रक्त तपासलं. बी बारा फार कमी होतं. त्यांनी इंजेक्शनं लिहून दिली आणि सांगितलं, दूध सुरू करा, गडावर जायचंच तर रुळांवरून वर नेणाऱ्या ट्रॉलीने जा.

"ट्रॉलीनं नवस फिटत नाय," सासूबाई म्हणाल्या. "आन् नवस फिटल्याशिवाय दूध नाय."

गाठ पक्की होती. पायऱ्या पाचशेच्या वर. त्या चढायला पायांत बळ हवं आणि बळासाठी जे खायला हवं ते पायऱ्या चढेपर्यंत बंद.

नवऱ्याला उपाय सोपा वाटला. सासूबाई देवळात गेल्या होत्या तेव्हा तो स्वयंपाकघरात आला. "तुझी ती बिनवासाची पावडर टाक पिठात. तूच म्हणतेस ना, चव लागत नाही."

"ती दुधाची आहे."

"आईला कुठं कळणार आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरीचं पीठ मळत होते आणि पावडरचा डबा हाताच्या अंतरावर होता. मी तो उघडला नाही. त्यांनी वर्षभर कुणाचंही लक्ष नसताना एक शब्द पाळला होता. तो त्यांच्या नकळत मोडण्याचा हक्क मला नव्हता, चांगल्या कारणासाठीही नाही.

त्याच आठवड्यात त्यांनीच विचारलं, "तुझ्या त्या डब्यातलं मला चालंल का?"

"नाही. दुधापासून करतात."

"मला वाटलं, कारखान्यात करत्यात."

"कारखान्यातच करतात. पनीर केल्यावर जे पाणी उरतं ना, ते वाळवून."

"मग दूधच की ते," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

आम्ही दुसरा रस्ता धरला. मुगाची धिरडी, हिंग घालून मटकीची उसळ, दाण्याची चटणी. भाकरीच्या पिठात सोयाबीनचं पीठ त्यांना दाखवून, विचारून मिसळलं. मी जिमचे दिवस पाचाचे तीन केले. मंगळवार आणि गुरुवारचा तास त्यांना दिला.

ट्रेनर म्हणाला, "मॅडम, प्रोग्रेस थांबेल."

"थांबू दे थोडा," मी म्हणाले. थांबलाही. साठ किलोवर अडकलेला वजनाचा बार महिनोन्महिने तिथेच राहिला. मला ते मान्य होतं.

लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. हातांचा आधार न घेता बसायचं आणि उठायचं. पहिल्या दिवशी चार झाल्या.

"शाळेत मास्तर उठाबशा घालायला लावायचे," सासूबाई दम खात म्हणाल्या. "सुनेनं घालायला लावल्या असं पैल्यांदाच ऐकते."

"अजून एक, आई."

"तुझी साखर वाढवते बघ परत."

पाचवीही झाली. पुढच्या महिन्यात दहा, मग दहाच्या दोन फेऱ्या. त्यानंतर इमारतीचा जिना. पहिल्यांदा अर्धा मजला, मग एक, मग चारही. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काकू, लिफ्ट बंद आहे का?" सासूबाई म्हणाल्या, "लिफ्ट चालू हाय. मी बंद पडायला नको म्हणून."

रविवारी मुलगी सोबत यायची. ती मोबाइलवर बघून सूचना द्यायची. "आजी, फॉर्म सांभाळ. गुडघा आत जातोय."

"तू तुझा बारावीचा फॉर्म भर आधी."

चार महिन्यांनी, पौषातल्या एका बुधवारी, आम्ही निघालो. नवऱ्याने रजा काढली होती. नऊच्या सुमारास आम्ही पहिल्या पायरीपाशी होतो. पंचवीस पायऱ्या चढायच्या, थांबायचं, शंभर आकडे मोजायचे, पुन्हा पंचवीस, असा नेम ठरला होता. पहिल्या दोनशे पायऱ्या नेमाप्रमाणे गेल्या. अर्ध्याच्या पुढे त्यांची उजवी मांडी थरथरायला लागली. त्या कडेच्या पायरीवर बसल्या आणि शंभर आकडे होऊन गेले तरी उठल्या नाहीत. ओठ कोरडे पडले होते. मी नाडी पाहिली. वेगात होती, पण सारखी होती. पाणी आणि गूळ-शेंगदाणे दिले. पंधरा मिनिटं गेली.

नवरा त्यांच्याजवळ वाकला. "आई, खाली जाऊ आणि ट्रॉलीने वर जाऊ. एवढी चढलीस. देवीला कळतं."

"देवीला कळतं रे," त्या म्हणाल्या. "मलाबी कळतं ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं. नको म्हणायचं असेल तर ते मीच म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. छातीत दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, थकल्या होत्या त्या मांड्या, आणि त्या मांड्यांचं चार महिन्यांचं काम मी पाहिलं होतं. मी सांगितलं, आता दहा-दहा पायऱ्या.

त्याने हात पुढे केला. सासूबाईंनी तो घेतला नाही. त्यांनी पावलं मागे ओढली, छाती पुढे झुकवली आणि खुर्चीवरून उठतात तशा उठल्या. पायरी खुर्चीपेक्षा पुष्कळ खाली होती.

वर पोचायला एकूण पावणेदोन तास लागले. दर्शनाच्या रांगेत त्या कुणाचाही आधार न घेता उभ्या राहिल्या. ओटी भरली. बाहेर आल्यावर पिशवीतला दह्याचा डबा मी पुढे केला, तेव्हा त्यांनी आधी माझ्या तोंडात चमचा घातला आणि मग उरलेलं सगळं संपवलं.

उतरायच्या वेळी त्या पायऱ्यांकडे वळल्या नाहीत. सरळ ट्रॉलीच्या तिकीट-खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"चार महिने एवढी मेहनत केली आणि आता ट्रॉली?" नवरा म्हणाला.

"चढायचं बोलले होते. उतरायचं बोलले नव्हते."

आम्ही तिघं ट्रॉलीत बसलो. माझेही गुडघे बोलत होते. मी ते कुणाला सांगितलं नाही.

"उद्या गुरुवार," त्या म्हणाल्या. "नवस फिटला. उद्यापासून उठाबशा बंद."

"उद्याची सुट्टी. मंगळवारपासून पुन्हा."

"महिनाभर सुट्टी."

"नाही, आई. फक्त उद्या."

त्या काचेबाहेर बघत राहिल्या. ट्रॉली खाली पोचली. दार उघडल्यावर दांडी धरून उठल्या आणि म्हणाल्या, "बरं. पण मंगळवारी दहाच."