एसटीच्या पाटीवरची नजर

आमचं घर निलंग्याच्या एसटी स्टँडसमोर. वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, सकाळी ओट्यावर बसून स्वतःच्या डोळ्यांची तपासणी स्वतःच करायचे. लांबून येणाऱ्या गाडीची पाटी मोठ्यांदा वाचायची, झाली तपासणी! शेजारच्या हॉटेलातली रिकामटेकडी मंडळी माना डोलवायची. "काकाची नजर लई तेज हाय." एवढ्यावर माणूस खूश.

साखरेचा आजार कित्येक वर्षांचा. ब्लडप्रेशर वाढलेलं, तोंडात कायम तंबाखू. डॉक्टर सांगून थकले, की साखरेनं डोळ्याच्या आतला पडदा खराब होतो, सुरुवातीला काही कळत नाही, दिसतंय तोवरच तपासून घ्या. काका म्हणायचे, "मला पाटी वाचता येती की! डोळ्याला काय धाड भरली?" आणि वर हॉटेलातल्या मंडळींसकट स्वतःला चहा सांगायचे. दुष्काळ होता, टँकरपाशी घागरींवरून मारामाऱ्या व्हायच्या. यांच्या गोडमिट्ट चहाला मात्र पाणी कधी कमी पडलं नाही.

मग उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला. वर्षानुवर्षं सकाळी उस्मानाबादला जाणारी गाडी आता लातूरपर्यंतच जाऊ लागली. पहिल्या दिवशी मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. गाडी वळली आणि काका गरजले, "उस्मानाबाद!" पाटीवर ठसठशीत लातूर लिहिलेलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस पाटी वाचतच नव्हता, पाठ केलेलं म्हणत होता. हॉटेलातल्यांनी तरीही माना डोलावल्या. लाचार कुठले!

"काका, पाटी लातूरची हाय," मी म्हणाले.

"पाटी चुकली आसंल."

वडिलांनी त्यांना जवळजवळ ओढतच लातूरला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून पाहिलं. आत रक्त उतरलं होतं. उजवा डोळा गेलेला. हैदराबादला जाऊन लेसर केलं तर डावा वाचण्याची आशा होती. काका घरी येऊन सांगत सुटले, "त्या थेंबानं डोळा घालवला माझा!" हैदराबादला गेलेच नाहीत. वर्षभरात डावाही गेला. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. चीड आली, आजही येते.

पुढे रोज सकाळी पेपर मीच वाचून दाखवायचे. एखादी बातमी पटली नाही, की काका माझ्यावर डाफरायचे, "नीट वाच. डोळे तपासून घे एकदा."