उसातला सिनेमा

आमच्या ह्यांचं डोकं फिरलं ते एका सिनेमापायी. सणसवाडीच्या कंपनीत सुपरवायझर आहेत. तिथं कुणीतरी मोबाईलवर जुना परदेशी सिनेमा दाखवला. सोन्याचं गाव शोधायला फौज जंगलात घुसते, म्होरक्याला वेड लागतं, माणसं एकेक करून मरतात आणि हा बाबा आपला पुढंच चाललेला. एवढंच! दोन दिवस हे धड बोलेनात की जेवेनात. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आपण बी काढायचा. जंगल दारातच हाय."

जंगल म्हणजे आमचा ऊस! भीमेच्या कडेला आबांनी, माझ्या सासऱ्यांनी, सोळा महिने लेकरागत जपलेला. हंगाम संपत आला होता. कारखान्याची तोडणी नंबराने लागते आणि तो नंबर तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयच्या हातात. आबा महिनाभर त्याच्या मागं हिंडत होते. कारखाना बंद व्हायच्या आत तोड झाली नाही तर ऊस उभ्या उभ्या वाळणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ह्यांना कळेल तर शपथ. घरातला बल्ब बदलायला ह्यांना शेजारी लागतो, आणि निघाले सिनेमा काढायला.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. त्या दिवशी कंपनीतले चार बिहारी कामगार मटणाच्या जेवणावर यायचे. हेल्मेटं चंदेरी रंगवलेली. ती घालून फौज सरीतून निघाली की प्रत्येकानं डोक्यावर दुधाची किटली पालथी घातल्यासारखं दिसायचं. हे मोबाईल धरून बोंबलायचे, "पागल लगना चाहिए, पागल!"

"त्यांना कशाला शिकवताय?" मी म्हणायचे. "तुम्हीच पुढं उभं ऱ्हावा की. काय वेगळं करायला नको."

फौजेत एक राणी लागत होती. गावातली एकही बाई तयार होईना, मग मी. मला कसली आलीय हौस! घरात कटकट नको म्हणून लग्नातला शालू नेसले, असं मी जावेला सांगितलं, शेजारणीला सांगितलं. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले होते, त्यात मला बसवून चौघं उसातून न्यायचे.

एका गुरुवारी आबा शिरूरला साखरपुड्याला गेले होते. हे नदीकडेला जागा बघायला उतरले होते. मी बांधावर खुर्चीत बसलेली. तेवढ्यात ऊसतोड टोळीचा मुकादम आला. मागं रस्त्यावर दोन बैलगाड्या, बायकांच्या हातात कोयते.

"वहिनी, आबांचा नंबर लागलाय. धरू का तोड?"

पाच वेळा माझा शॉट बिघडला होता. कधी पदर उसात अडकला, कधी मलाच हसू आलं. सहाव्या वेळी जमणार, असं मला आतून वाटत होतं. मी खुर्चीतून उतरलेसुद्धा नाही. म्हणाले, "आज न्हाई मुकादम. परवा या."

"मालकांना इचारता का?"

"मी सांगतेय न्हवं?"

अहाहा, काय तो रुबाब! टोळी शेजारच्या मळ्यात वळली. तिसऱ्या दिवशी शेजारची तोड बघून आबा चिटबॉयकडे धावले, तर तो म्हणाला, गेलेला नंबर आता शेवटी. शेवट आलाच नाही, त्याआधीच कारखान्याचा पट्टा पडला, गाळप बंद झालं. सगळा ऊस तसाच राहिला. तुरे फुटले, कांड्या आतून पोकळ झाल्या. आबा रोज एक कांडी मोडून बघायचे आणि फेकून द्यायचे.

एका सकाळी त्यांनी ओसरीत सगळ्यांना बसवून विचारलं, "टोळी माघारी कुणी लावली?"

 ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मुकादमाचं ह्यांना कळलेलं होतं. खाली मान घालून म्हणाले, "मी लावली, आबा."

मी शेजारीच होते, आणि गप्प बसले. इतके दिवस ज्या माणसाला मी चारचौघांत खुळा म्हणत हिंडले, त्याच्या मागं लपले. थू माझ्या जिंदगानीवर.

आबा आता लेकाशी बोलत नाहीत. ताटसुद्धा वेगळं वाढायला लावतात. सकाळचा चहा मात्र माझ्याच हातचा लागतो त्यांना. कप घेतात आणि आल्यागेल्याला सांगतात, "एवढी एक शाणी हाय घरात, म्हणून घर चाललंय."