गुरुवारवाली

माझी बायको आठवड्यातले सहा दिवस बोलायची आणि गुरुवारी एक शब्द नाही. सहा दिवसांचं बोलणं असं की कुकरची शिट्टी ऐकू येऊ नये. हिंगणघाटच्या आमच्या गल्लीत तिला गुरुवारवाली म्हणत. मौन तिला तिच्या वडिलांनी शिकवलेलं. पहाटे मागच्या दारात अर्धा तास डोळे मिटून बसायचं आणि मग दिवसभर तोंड बंद. हे लग्नाआधी मला कोणी सांगितलं नाही.

लग्नाला चार दिवस झाले असतील. बुधवारी जेवताना भाजी खारट लागली म्हणून मी म्हटलं, "तुह्या माहेरी मीठ फुकट भेटते काय?" सकाळी उठून पाहतो तर बाई बोलेना. मला वाटलं, रुसली. अडून बसण्यात मी कमी नव्हतो. मीही बोललो नाही. शुक्रवारी ती म्हणाली, "अजी, चहा ठेवू काय?" पुढच्या गुरुवारी परत तेच. हिचा राग आठवडी बाजारासारखा ठरल्या दिवशी भरतो, असं मी धरून चाललो. विचारण्यात कमीपणा वाटत होता. असे तीन महिने मीही दर गुरुवारी रागानं गप राहिलो.

मग एक दिवस शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, नशीब लागते असं. तुमची बायको सांगून राह्यली होती, आमच्या ह्यायनं आपण होऊन माह्यासंगं मौन धरलं म्हणून."

खरं सांगितलं असतं तर गल्लीत तिचं हसं झालं असतं. म्हणून पुढच्या गुरुवारी मी खरोखरचं मौन धरलं. ते चाळीस वर्षं चाललं. कामावर काही अडलं नाही. मी कापसाच्या जिनिंगमध्ये होतो, तिथं मशीनपाशी ओरडूनही कोणाला काही ऐकू जात नव्हतं. पण ते पहिले तीन महिने मनात राहिले. ती मला भला माणूस समजते आणि ते खोट्यावर उभं आहे, हे तिला सांगायची हिंमत झाली नाही.

शुक्रवारी सकाळी ती विचारायची, "काल आतून कोण बोललं?"

"कोण बोलणार? माहाच आवाज."

"काय म्हणे?"

"शिव्या देत होता."

"कोनाले?"

"समद्यायले."

"ऐकू आलं न? बस. एवढंच राह्यते ते." आणि कणीक मळायला घ्यायची. देव, मोक्ष असले शब्द तिच्या तोंडी मी ऐकले नाहीत.

तोंड बंद ठेवलं की डोळ्यांना काम मिळतं. ती डाव्या गुडघ्यावर भार देत नाही, हे मला एका गुरुवारी दिसलं. ती किती वर्षांपासून तशी चालत होती, देव जाणे. मी उठून तिच्या हातातली पाण्याची बादली घेतली. मी चोर असल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं.

मागच्या वर्षी तिला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी फार आशा दिली नाही. गुरुवार आला. नर्स विचारत होती, "आजी, कुठं दुखते?" ही गप. मी म्हटलं, "बाई, आज तिचं मौन आहे." नर्स गेल्यावर मी तिच्या कानाशी वाकलो आणि माझं मौन मोडलं.

"अवं, पहिले तीन महिने माहं मौन नव्हतं. भाजीवरून राग होता."

 ती बोलली. गुरुवारी तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"मले माहीत होतं. मौनातला माणूस ताट आपटत नाई."

"मंग वहिनीले खोटं काऊन सांगतलं?"

"तुमी गप बसलेच होते. वाया काऊन जाऊ द्यायचं?"

 पाणी देऊ काय, विचारलं. द्या म्हणाली. शनिवारी गेली.

गुरुवारी वहिनी जेवणाचा डबा पायरीवर ठेवून जातात, हाक मारत नाहीत. बाकीचे सहा दिवस मी घरात एकटाच मोठ्यानं बोलतो. नाहीतर गुरुवार कोणता, ते समजत नाही.