शीलाबाईंची जाड जीभ

"साडी कशी दिसते?" असं शीलाबाईंना विचारायची नारायणगुड्याच्या आमच्या शाळेत आम्हा शिक्षिकांपैकी कुणाची छाती नव्हती. मी एकदा विचारलं. "अंगावर नको, खिडकीला लाव," म्हणाल्या. वर, "रागावू नको गं, माझी जीभ जाड आहे, खोट्याला वळत नाही." मी आठवडाभर फुरंगटून बसले आणि मग जन्माची मैत्रीण झाले. बाई मराठी ख्रिस्ती, विधवा. एकुलता एक मुलगा सुहास. त्याच्यावरून जीव ओवाळून टाकायच्या.

या सुहासने मलकपेठेत एका म्हाताऱ्या फळवाल्याला गाडीखाली घेतलं आणि न थांबता घरी पळून आला. म्हातारा जागीच गेला. पाहणारं कुणी नव्हतं, तरी पोलिसांचा संशय सुहासवर गेला. सुहासच्या काकांनी ठाण्यात सगळं जुळवून आणलं, फक्त आईचा एक शब्द हवा होता. साहेब घरी आला, चहा प्यायला, म्हणाला, "अम्मा, बेटा शाम से घर में था बोलो, बात खतम." त्यांच्या चर्चचे पाळकही तिथेच होते. "बाई, गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे," ते म्हणाले. मी म्हटलं, "अहो, पोटचा गोळा आहे!"

शीलाबाईंनी पदराला हात पुसले. "साहेब, गाडी यानंच आणली. काच फुटली होती, रक्त मी डोळ्यांनी पाहिलं."

सुहास तुरुंगात गेला. सुटल्यावर आईच्या दारी आलाच नाही. एकदा कोठीच्या भर बाजारात समोर आला, तेव्हा तिच्या तोंडावर म्हणाला, "माझी आई मेली." फळवाल्याच्या घरी बाई भेटायला गेल्या, तर त्यांनीही दार लावून घेतलं. खरं बोलल्याचं हे बक्षीस!

तेव्हापासून चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर फिरली की बाई ताट पुढे सरकवायच्या. ज्याचं मन आपल्यामुळे दुखलंय, त्याच्याशी समेट झाल्याशिवाय ती भाकर घ्यायची नाही, हा त्यांचा नेम. पाळक समजवायचे, "यात तुमचा काय दोष?"

"दोष नाही. पण दुखलाय ना तो?"

मी कधीमधी सोबत जायची. ताटावरून त्यांची नजर हटायची नाही. उपाशी माणूस बघतं तशा बघायच्या हो.

पुढे कॅन्सर झाला. शेवटच्या दिवशी पाळक भाकर घेऊन दवाखान्यात आले. आधी व्हरांड्यात त्यांनी माझ्यासमोर सुहासला फोन लावला. "मेल्यावर कळवा," एवढंच तो म्हणाला. पाळक डोळे पुसत आत गेले आणि म्हणाले, "बाई, सुहासने क्षमा केली. घ्या आता."

बाईंचा चेहरा असा फुलला! तोंड उघडलं. मग त्यांनी पाळकांकडे नीट बघितलं.

"तुमची जीभ फार लवकर वळली, पाळकसाहेब," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. संध्याकाळी गेल्या.

दफनाला सुहास आला. माती द्यायच्या वेळी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, शेवटी तरी घेतली का तिनं भाकर?" त्याच्या मागून पाळक मला मानेने खुणावत होते, हो म्हणा, हो म्हणा.

"नाही रे," मी म्हटलं. "तुझ्यासाठी थांबली होती."

तो मातीतच मटकन बसला. फाटकाशी पाळकांनी मला गाठलं. "घेतली म्हणायचं होतं हो. आता पोर जन्मभर जळेल."

"जळू दे," मी म्हटलं आणि रिक्षाला हात केला.