परसातला तरवड

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, अक्षरही किरटं आहे, त्याची आधीच माफी मागते. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण राग अजून आहे, आणि तो तोंडाने मला कधी नीट सांगता आला नाही.

लग्न होऊन हसनाबादजवळच्या या गावात आले तेव्हा आमचं परस उघडं होतं. शेळ्या थेट चुलीपर्यंत यायच्या, काही लावलं की खाऊन जायच्या. तरवडाला मात्र शेळी तोंड लावत नाही. म्हणून मी माळावरून रोपं उपटून आणली. सगळी वाळली. तरवडाचं मूळ खोल जातं, उपटलं की तुटतं, हे मला ठाऊक नव्हतं. मग वाळलेल्या शेंगा आणल्या, बिया दगडावर घासल्या, भिजवल्या आणि कुंपणाच्या ओळीने टोचल्या. उगवल्या. सासूबाई म्हणाल्या, "माळावरचं रान घरात आणलं बाई सुनेनं."

पुढे ओळ छातीएवढी झाली, पिवळीजर्द फुलली. आमच्या घटाला नवरात्रात तरवडाचीच माळ चढते. ती मग माझ्या परसातल्या फुलांची होऊ लागली. त्या घरात भांडं, लुगडं, काहीच माझं म्हणता येत नव्हतं. तरवड माझा होता.

बहात्तरच्या दुष्काळात साल विकत घेणारे फिरू लागले. कातडं कमवायला तरवडाची साल लागते. लोकांनी माळ बोडका केला. त्यांना पोट होतं, त्यांच्यावर माझा राग नाही. मी आणि माझे मालक खडी फोडायला जायचो. पाणी दुरून डोक्यावर आणायचं, आणि भांड्यांचं धुवण मी त्या ओळीला घालायची. एका संध्याकाळी घरी आले तर ओळीच्या जागी खड्डे. मुळाचीही साल खपते म्हणून थोरल्या दिरांनी सगळं मुळासकट काढलं होतं. दहा रुपये आले. त्याचा त्यांनी स्वतःला पटका घेतला. पोरांना दाणे आणले असते तर मी गिळलं असतं. पटका घेतला.

थोरल्या दिरांशी बोलायचं नाही, अशी रीत. मी पदर ओढून सासूबाईंकडे बघितलं. "आत्याबाई, माझे दहा रुपये द्यायला सांगा."

दीर ओट्यावरच होते. "तिला म्हणावं, तरवडाचे पैसे आजवर कुणी मागितले का? फुकटचं रान ते."

"त्यांना म्हणावं, फुकटचं माळावर होतं. माझ्या पाण्याचं कशाला काढलं?"

"पाणी आमच्या हिरीचं."

"हिरीत पाणी कुठं होतं? डोक्यावर आणलं मी."

"मी काय टपालवाला हाये का?" सासूबाई म्हणाल्या. "दोघंबी बराबर ऐकून राह्यले की."

मालक खाली बघत बसले. त्यांचाही राग आला.

पुढच्या साली पाऊस झाला, घट बसले. सासूबाई म्हणाल्या, "माळ कर."

"आत्याबाई, फुलं पटक्यातून काढा."

इतकं उद्धट मी आयुष्यात बोलले नव्हते. माळावर तरवड उरला नव्हता. दीर पिंपळगाव रेणुकाई गावाकडे चालत गेले आणि उन्हं उतरल्यावर ओंजळभर फुलं घेऊन आले. माळ इतकी आखूड झाली की घटाच्या वरच लोंबत राहिली.

सासूबाई माळेकडे बघून म्हणाल्या, "दे रे बाबा तिचे पैसे. अजून आठ माळा हायेत."

दिले, पण एकदम नाही. त्या दिवशी तीन. संक्रांतीला चार, "दे तिला तिची जहागिरी" असं आईला सांगत. उरलेल्यांसाठी मी दर बाजारच्या दिवशी सासूबाईंना आठवण करायची, शेजारीण बसलेली असली की मुद्दाम.

उन्हाळ्यात एकदा दिरांनी तीन रुपये चुलीपाशी जमिनीवर टाकले. मी उचलले नाहीत. पदर होता तसाच राहू दिला आणि पहिल्यांदा सरळ त्यांनाच म्हणाले, "हातात द्या."

दीर वाकले, पैसे उचलले आणि माझ्या हातावर ठेवले. दहा रुपये पुरे झाले.